हातातून हातात : अलेक्झांडर तंत्राच्या प्रसाराचा इतिहास

एखादी विचारप्रणाली समाजात कशी पसरते, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. ग्रंथ लिहिले जातात, त्यांची भाषांतरे होतात, विद्यापीठांत ते लागतात, त्यांवर वाद झडतात. पण जे ज्ञान मुळात शरीराचे आहे, जे उठण्या-बसण्यात, मान वळवण्यात, श्वास घेण्यात आहे, ते एका माणसाकडून समाजाकडे कसे जाते? त्याला वाहन कोणते? आणि त्या वाहनाने ते ज्ञान बदलते का? या प्रश्नांचा विचार करण्यासाठी एका विशिष्ट पद्धतीचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. ती पद्धती म्हणजे 'अलेक्झांडर तंत्र'. आज पाश्चात्त्य देशांतील कित्येक संगीत व नाट्य विद्यालयांत ती शिकवली जाते. या पद्धतीचा जन्म एका पठणकाराच्या बसलेल्या घशातून झाला. ज्यांची उपजीविका आवाजावर चालते अशा आम्हां अध्यापकांना तिच्याविषयी कुतूहल वाटावे, यात नवल नाही.

फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर यांचा जन्म २० जानेवारी १८६९ रोजी टास्मानिया बेटावर, विनयार्ड गावाच्या परिसरात झाला. तरुणपणी त्यांनी रंगमंचावर एकट्याने काव्य-नाट्यपठण करण्याचा व्यवसाय पत्करला. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात पठणकाराचे सारे भांडवल म्हणजे त्याचा गळा. ऐन भरात आलेल्या या व्यवसायात अलेक्झांडर यांचा आवाज घोगरा होऊ लागला, मध्येच बसू लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. विश्रांतीने आवाज परत येई, आणि पठणाला उभे राहिले की पुन्हा जाई. यावरून त्यांनी एक सरळ अनुमान काढले. विश्रांतीत घसा ठीक राहतो, अर्थी घशात रोग नाही. बिघाड होतो तो पठण करताना आपण स्वतःच जे काही करतो त्यामुळे.

ते 'जे काही' शोधण्यासाठी त्यांनी आरशांचा आधार घेतला. आरशात त्यांना दिसले की पठण सुरू करताच आपण डोके मागे ओढतो, स्वरयंत्र खाली दाबतो आणि तोंडाने धापेसारखा श्वास आत ओढतो. पुढे त्यांच्या ध्यानात आले की साधे बोलतानाही हेच होते, केवळ कमी प्रमाणात. तेव्हा त्यांनी डोके पुढे व वर ठेवून बोलायचे ठरवले. तसे आपण करीत आहोत अशी त्यांची खात्री होती. पण आरसा सांगत होता की डोके अजूनही मागेच जात आहे. या अनुभवातून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या साऱ्या पुढील कार्याचा पाया ठरला : सवयीने बिघडलेल्या माणसाला आपल्या शरीराची जी जाणीव होते, तीही बिघडलेलीच असते. चुकीचे त्याला बरोबर वाटते, आणि बरोबर स्थितीत आणून ठेवले तर ती त्याला वाकडी वाटते.

मग उपाय काय? अलेक्झांडर यांचे उत्तर असे की कृती करण्याची प्रेरणा होताच प्रथम थांबावे, सवयीच्या प्रतिसादाला नकार द्यावा. याला त्यांनी दिलेल्या नावाचे मराठीकरण 'निरोध' असे करता येईल. निरोधानंतर मान मोकळी राहावी, डोके पुढे-वर जावे, पाठ लांब व रुंद व्हावी, अशा सूचना मनाने शरीराला देत राहाव्यात. आणि मग कृती करावी किंवा न करावी. साध्यावर झडप घालणाऱ्या वृत्तीला त्यांनी सर्व बिघाडाचे मूळ मानले, आणि साध्याकडे नेणाऱ्या पायऱ्यांवर लक्ष ठेवण्याला उपाय मानले. हा सारा वृत्तान्त त्यांनी 'द यूज ऑफ द सेल्फ' या १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात सांगितला आहे. घटना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या आणि कथन १९३२ सालचे, त्यामुळे त्या कथेला आलेला रेखीवपणा इतिहासाच्या वाचकाने सावधपणे घ्यावा हे बरे.

येथपर्यंतचे विवेचन वाचून चाणाक्ष वाचकाच्या मनात एक शंका आली असेल. शिकणाऱ्याची जाणीवच जर विश्वासार्ह नसेल, तर त्याला हे तंत्र पुस्तकातून कसे शिकवायचे? 'मान सैल सोडा' असे छापले, तर वाचक आपल्या बिघडलेल्या जाणिवेनुसारच मान सोडणार! अलेक्झांडर यांच्या प्रसारकार्यातील मूळ पेच हा होता. त्यांच्या तंत्रात आसने नव्हती, कवायत नव्हती, संख्या मोजून करायचे व्यायाम नव्हते. छायाचित्र काढावे असेही त्यात काही नव्हते. कारण शिकवणी म्हणजे बहुतांशी खुर्चीवरून उठणे आणि खुर्चीवर बसणे, आणि त्या वेळी शिक्षकाने मानेवर, पाठीवर अलगद ठेवलेले हात. ज्ञान हातातून हातात जाई. एका वेळी एक शिष्य, एक खुर्ची, अर्धा-पाऊण तास. अशा विद्येचा प्रसार ग्रंथाने होणार नव्हता, जाहिरातीने होणार नव्हता. उरली साक्ष. ज्यांच्या पाठीला त्या हातांचा स्पर्श झाला, त्यांनी इतरांना सांगणे.

१९०४ साली अलेक्झांडर लंडनला आले ते सिडनीतील शल्यचिकित्सक स्ट्युअर्ट मॅके यांची परिचयपत्रे घेऊन. प्रथम त्यांच्याकडे रंगभूमीवरील मंडळी आली. ऑस्कर ॲश आणि लिली ब्रेटन हे प्रसिद्ध नटदांपत्य त्यांत होते. नटांच्या पाठोपाठ काही डॉक्टर आले, डॉक्टरांनी रुग्ण पाठवले. १९१० साली 'मॅन्स सुप्रीम इनहेरिटन्स' हा पहिला ग्रंथ निघाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात अलेक्झांडर अमेरिकेत शिकवू लागले आणि तेथे त्यांना त्यांचा सर्वांत मोठा साक्षीदार भेटला : तत्त्वज्ञ जॉन ड्यूई.

ड्यूई त्या वेळी कोलंबिया विद्यापीठात होते आणि अमेरिकेतील शिक्षणविचाराचे अग्रणी होते. पन्नाशी उलटलेल्या या तत्त्ववेत्त्याने अलेक्झांडर आणि त्यांचे बंधू यांच्याकडे धडे घेतले आणि आपले नाव त्या तंत्रामागे उभे केले. १९१८, १९२३ आणि १९३२ अशा तीन वेळा त्यांनी अलेक्झांडर यांच्या ग्रंथांना प्रस्तावना लिहिल्या. १९२२ सालच्या 'ह्यूमन नेचर अँड कॉन्डक्ट' या स्वतःच्या ग्रंथात, सवय आणि इच्छाशक्ती यांची चर्चा करताना, त्यांनी उभे राहण्याच्या साध्या कृतीचे उदाहरण घेतले आहे आणि अलेक्झांडर यांचा उल्लेख केला आहे. नीट उभे राहायचे ठरवल्याने माणूस नीट उभा राहत नाही. कारण ठरवणाऱ्याची साधनेच सवयीने घडलेली असतात, हा तेथील मुद्दा. कोलंबियाच्याच वर्तुळातील इतिहासकार जेम्स हार्वी रॉबिन्सन यांनी १९१९ साली 'अटलांटिक मंथली'मध्ये या तंत्रावर लेख लिहिला. अमेरिकेतील सुशिक्षित वाचकापर्यंत अलेक्झांडर हे नाव पोहोचले ते अशा मार्गाने.

पण साक्षीबरोबर प्रतिसाक्षही येते. १९१८ साली 'न्यू रिपब्लिक' या नियतकालिकात रँडॉल्फ बोर्न यांनी 'मॅन्स सुप्रीम इनहेरिटन्स'चे परीक्षण केले आणि मानवजातीच्या उद्धाराच्या त्यातील गर्जनांविषयी तीव्र संशय व्यक्त केला. ड्यूईंनी त्याला उत्तर दिले. या वादाला दोन पदर होते. एक म्हणजे, बोर्न हे एके काळी ड्यूईंचे चाहते. महायुद्धातील अमेरिकेच्या सहभागावरून दोघांत आधीच फाटले होते. दुसरा अधिक हृद्य आहे. बोर्न यांचा कणा बालपणीच्या क्षयाने वाकलेला होता आणि जन्मवेळच्या इजेने चेहरा विद्रूप झाला होता. शरीराच्या योग्य वापरातून मानवाला परमोच्च वारसा मिळेल असे सांगणारा ग्रंथ अशा माणसाच्या हाती आला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, इन्फ्लुएंझाच्या साथीत, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी बोर्न मरण पावले. त्यांच्या संशयाची गंभीर दखल अलेक्झांडरपंथीयांनी घ्यायला हवी होती, असे आम्हांस वाटते.

कारण त्या ग्रंथात संशयास्पद असे बरेच काही होते. 'सुसंस्कृत' आणि 'रानटी' मानवांची उतरंड, काळ्या लोकांविषयीची हीन विधाने, युरोपीय वंशश्रेष्ठतेची गृहीतके या गोष्टी अलेक्झांडर यांच्या सुरुवातीच्या लेखनात उघडपणे आढळतात. तो त्या काळाचा दोष होता असे म्हणून पुढे जाण्याची सोय आहे. पण त्या काळात बोर्नही होते, हे विसरता येत नाही. एका बाजूला स्वतःच्या मानेच्या हालचालीविषयी अतोनात बारकाईने शंका घेणारा हा निरीक्षक, दुसऱ्या बाजूला आपल्या समाजाच्या मानसिक सवयींविषयी एकदाही थांबत नाही. ज्या निरोधाचा त्याने शोध लावला, तो त्याने आपल्या पूर्वग्रहांना लावला नाही. पुढील काळातील शिक्षकांनी तंत्र घेतले आणि ही वंशविचारांची चौकट बाजूला ठेवली. तंत्र टिकण्याचे हेही एक कारण आहे.

१९३०च्या दशकात साक्षीदारांची दुसरी पिढी आली, ती साहित्यिकांची. बर्नार्ड शॉ यांनी धडे घेतले आणि आपल्या जुन्या संगीतसमीक्षेच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत अलेक्झांडर यांचा उल्लेख केला. आल्डस हक्स्ली १९३५च्या सुमारास निद्रानाश आणि थकव्याने बेजार झालेले असताना त्यांच्याकडे आले. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयलेस इन गाझा' या कादंबरीतील मिलर या पात्रात अलेक्झांडर यांची छाया आहे, आणि १९३७च्या 'एन्ड्स अँड मीन्स' या निबंधग्रंथात शिक्षणाची चर्चा करताना हक्स्लींनी या तंत्राला स्थान दिले आहे. हक्स्लींच्या हाती तंत्राचे जे झाले ते अभ्यासण्याजोगे आहे. खुर्चीवरून उठताना साध्याची घाई करू नये, ही अलेक्झांडर यांची शिकवण; हक्स्लींनी ती युद्ध, राजकारण आणि शांततावादापर्यंत नेली. वाईट साधनांनी चांगले साध्य मिळत नाही, या नैतिक सिद्धान्ताला त्यांनी जणू मानेच्या स्नायूंत पुरावा शोधला. तंत्राला सांस्कृतिक प्रतिष्ठा मिळते ती अशा वेळी : जेव्हा ते उपचार न राहता रूपक बनते. पण रूपक बनताच ते सैलही होते. कादंबरी वाचलेल्या हजारोंपैकी किती जणांची पाठ सुधारली असेल? त्यांना अलेक्झांडर ही एक कल्पना म्हणून मिळाली.

याच टप्प्यावर या इतिहासाला महाराष्ट्राचा एक धागा येऊन मिळतो. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे अलेक्झांडर यांचे जवळजवळ समवयस्क. सूर्यनमस्कारांचा प्रसार हे त्यांचे जीवितकार्य होते. लंडनच्या 'न्यूज क्रॉनिकल' पत्राच्या पत्रकार लुईज मॉर्गन यांनी त्यांच्या पद्धतीचा इंग्रज वाचकांना परिचय करून दिला आणि १९३८ साली 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पंतप्रतिनिधींचे पुस्तक संपादित करून लंडनमध्ये प्रसिद्ध केले. याच लुईज मॉर्गन यांनी १९५४ साली 'इनसाइड युवरसेल्फ' हे पुस्तक लिहिले, ते अलेक्झांडर तंत्रावर! एकाच लेखणीने औंध आणि ॲश्ली प्लेस (लंडनमध्ये अलेक्झांडर यांची शिकवणी या रस्त्यावर चाले) या दोहोंची सेवा केली.

हा योगायोग मनोरंजक आहेच, पण त्यातून दोन पद्धतींच्या प्रसारातील फरकही स्पष्ट होतो. नमस्काराला दहा अंगे आहेत, क्रम आहे, मोजदाद आहे. तो पटांगणावर शेकडो मुलांना एकदम शिकवता येतो. औंध संस्थानाच्या शाळांत तो तसा शिकवलाही गेला. त्याची चित्रे छापता येतात. राजसत्तेचा आधार मिळाला तर तो एका पिढीत सार्वत्रिक होऊ शकतो. कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून निराळा मार्ग धरला. त्यांनी योगक्रिया प्रयोगशाळेत नेल्या आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून निष्कर्ष मांडले. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांना १९५२ साली व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन भेटले आणि त्या साक्षीने युरोपचे दार उघडले. तथापि १९६६ सालच्या 'लाइट ऑन योग'चे बळ मेन्युहिन यांच्या प्रस्तावनेइतकेच त्यातील छायाचित्रांतही होते. कवायत, प्रयोगशाळा, छायाचित्र यांपैकी एकही वाट अलेक्झांडर यांना सहज उपलब्ध नव्हती. कवायत आणि छायाचित्र त्यांच्या तत्त्वातच बसत नव्हते. प्रयोगशाळेची वाट मात्र त्यांनी स्वतः टाळली. ड्यूईंना या तंत्राची शास्त्रीय तपासणी व्हावी असे मनापासून वाटे. अलेक्झांडर यांनी त्या कल्पनेचे स्वागत केले नाही. ती नावडण्याचे मोल पुढे द्यावे लागले.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. निरोध, फलाची आसक्ती सोडून कर्माकडे पाहणे, हे शब्द मराठी वाचकाला पतंजलींच्या सूत्रांची आणि गीतेची आठवण करून देतील. साम्य आहे, हक्स्लींसारख्या लेखकाला तर ते हवेच होते. परंतु 'हे सारे आमच्याकडे होतेच' असे म्हणण्याने ना पतंजली कळतात ना अलेक्झांडर. योगसूत्रांतील निरोधाचे प्रयोजन कैवल्य आहे. अलेक्झांडर यांचा निरोध पठणापूर्वी मान आखडू नये एवढ्यासाठी जन्मला. प्रयोजन निराळे असले की शब्द तोच राहूनही अर्थ निराळा होतो, हे भाषेच्या अभ्यासकांनी तरी विसरू नये.

प्रतिष्ठितांच्या साक्षीची मर्यादा दक्षिण आफ्रिकेत उघडी पडली. अलेक्झांडर यांच्या सहकारी आयरीन टास्कर तेथे शिकवीत असत, आणि शाळांतील शारीरिक शिक्षणात हे तंत्र यावे अशी खटपट चालू होती. मार्च १९४४ मध्ये तेथील शासकीय शारीरिक शिक्षण नियतकालिकात डॉ. अर्न्स्ट योक्ल यांनी या तंत्राला भोंदूगिरी ठरवणारा लेख लिहिला. अलेक्झांडर यांनी बदनामीचा दावा लावला. १९४७च्या अखेरीस त्यांना पक्षाघात झाला; सावरले, पण खटल्यास जाऊ शकले नाहीत. १९४८ साली जोहान्सबर्गला निकाल त्यांच्या बाजूने लागला, १,००० पौंड भरपाई मिळाली, आणि १९४९ साली प्रतिपक्षाचे अपीलही फेटाळले गेले. तथापि प्रतिपक्षाच्या वतीने हेन्री डेल आणि एडगर एड्रियन या दोन नोबेलविजेत्या शरीरशास्त्रज्ञांनी साक्ष दिली होती. नामवंतांच्या साक्षीला नामवंतांच्याच साक्षीने उत्तर मिळाले. न्यायालयासमोरचा प्रश्न बदनामीचा होता. तंत्राने पाठ बरी होते की नाही, हे ठरवणे त्याचे काम नव्हते. खटला जिंकूनही मूळ प्रश्न जेथल्या तेथे राहिला. १० ऑक्टोबर १९५५ रोजी अलेक्झांडर निवर्तले.

गुरू गेल्यावर हस्तस्पर्शाची विद्या टिकवायची कशी? १९३१ साली अलेक्झांडर यांनी शिक्षक घडवण्याचा तीन वर्षांचा वर्ग सुरू केला होता, तो आता कामी आला. १९५८ साली ब्रिटनमध्ये शिक्षकांची संस्था स्थापन झाली, १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये केंद्र निघाले. तीन वर्षे आणि १,६०० तास हा शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा दंडक रूढ झाला. याच काळात तंत्राला त्याचे खरे घर सापडले, ते रुग्णालयात नव्हे तर कलाशाळेत. लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक, न्यूयॉर्कचे ज्युलियार्ड अशा विद्यालयांत ते पोहोचले. व्हायोलिन हनुवटीखाली धरून तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला मानेचे महत्त्व पटवावे लागत नाही. तेथे गुरूने शिष्याचा हात धरून शिकवणे हीच परंपरा. एकास एक शिकवणी हा अपवाद नसून नियम. एका पठणकाराने स्वतःसाठी शोधलेली रीत कलाकारांकडे परत आली आणि तेथे ती कोणत्याही जाहीरनाम्याशिवाय रुजली.

आणखी एक भव्य साक्ष १९७३ साली घडली. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांना त्या वर्षीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १२ डिसेंबर रोजी दिलेल्या नोबेल व्याख्यानाचा मोठा भाग त्यांनी अलेक्झांडर तंत्राला दिला. ते, त्यांची पत्नी आणि एक कन्या असे तिघे त्या वेळी धडे घेत होते. जगभर बातमी झाली. पण टिनबर्गन यांचा अनुभवही शेवटी तीन माणसांचा अनुभव होता, आणि वैद्यकाला तो पुरेसा वाटला नाही, हे योग्यच झाले.

त्यानंतर ३५ वर्षांनी, २००८ साली, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. जुनाट वा वारंवार उद्भवणाऱ्या पाठदुखीचे ५७९ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निरनिराळ्या गटांत विभागले गेले होते. वर्षानंतर पाहिले तेव्हा नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांना चार आठवड्यांत मध्यमानाने २१ दिवस दुखत होते. अलेक्झांडर तंत्राचे २४ धडे घेतलेल्यांना ३ दिवस. सहा धड्यांचाही काही उपयोग दिसला. २०१५ साली मानदुखीच्या ५१७ रुग्णांवरील चाचणीतही लाभ आढळला. २०१७ साली ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वांत कंपवाताच्या ज्या रुग्णांना तोल व हालचालींचा त्रास आहे, त्यांच्यासाठी या तंत्राचा विचार करावा असे नमूद झाले. अशा चाचण्यांत रुग्णाला आपण काय घेत आहोत हे ठाऊक असते, त्यामुळे श्रद्धेचा वाटा पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. ही मर्यादा मान्य करूनही एवढे म्हणता येते की ड्यूईंची मागणी अखेर पुरी झाली. मात्र सिद्ध झाले ते पाठ, मान आणि तोल यांपुरते. मानवजातीच्या परमोच्च वारशाविषयी या चाचण्या काहीच बोलत नाहीत.

हा इतिहास समोर ठेवून पाहिले तर काय दिसते? ड्यूई, शॉ, हक्स्ली, टिनबर्गन यांच्या नावांनी तंत्राला प्रवेश मिळवून दिला. त्यांच्यावाचून ते कदाचित लंडनच्या एका रस्त्यावरच संपले असते. पण टिकवले ते नामवंतांनी नव्हे. ज्यांची नावे आज फारशी कोणाला ठाऊक नाहीत अशा शिक्षकांनी, संगीतशाळेच्या एखाद्या खोलीत, एका वेळी एका विद्यार्थ्याच्या मानेवर हात ठेवून ते टिकवले. आज आपल्याकडेही शरीरसाधनेच्या कितीतरी पद्धती नामवंतांच्या शिफारशींवर आरूढ होऊन येतात, आणि विश्वकल्याणापासून मधुमेहापर्यंत सर्व काही देऊ करतात. त्यांतील एखादीत खरोखरच मोलाचे काही असेल, तर तिच्या हितचिंतकांनी दावा लहान करावा, तपासणीला सामोरे जावे आणि शिक्षक काळजीपूर्वक घडवावेत. हे सारे अतिशय संथ काम आहे. अलेक्झांडर यांच्या भाषेत सांगायचे तर, येथेही साध्याची घाई करून चालत नाही.